वही मिटू नका, बायांनो



आज आपण बोलणार आहोत लिहिणाऱ्या बायकांच्या इतिहासाबद्दल. पण त्याआधी आमच्या गटात घडलेली एक गोष्ट सांगतो. चूक आमचीच होती, म्हणून ती लपवून पुढे जाणं बरं दिसत नाही.

मागच्या वर्षी एप्रिलची बैठक होती. हप्ते गोळा झाले, कर्जाची मागणी लिहून झाली, सह्या झाल्या. सचिवताई वही मिटता मिटता थांबल्या. वहीच्या मागच्या बाजूला आठ-दहा पानं बारीक अक्षरात भरलेली होती. आमच्याच एका ताईंनी ती लिहिली होती. त्या महिन्यात वही ठेवायची पाळी त्यांची होती. ताई सकाळी दोन घरची धुणीभांडी करतात आणि दुपारी शिवणकाम करतात. लग्न होऊन मुंबईला आल्या, त्याला आता चाळीस वर्षं झाली. त्यांनी गावच्या विहिरीबद्दल लिहिलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात त्यांची आई खडी फोडायला जायची, दुपारी हाताला फडकं गुंडाळून भाकरी खायची, असं काहीबाही लिहिलं होतं.

कोणीतरी ते मोठ्याने वाचायला घेतलं. शब्द चुकलेले होते, वेलांट्या इकडच्या तिकडे होत्या. आम्ही हसलो. एक जण म्हणाली, "आता काय पुस्तक छापणार का ताई?" दुसरी म्हणाली, "हिशोबाच्या वहीत कसल्या गोष्टी लिहिता?" ताईही आमच्याबरोबर हसल्या. मग त्यांनी वही मागून घेतली, शिवण उसवू न देता ती पानं अलगद काढली, घडी करून पिशवीत ठेवली आणि घरी गेल्या. पुढचे तीन महिने त्या आल्या, हप्ता दिला, सही केली आणि काही न बोलता निघून गेल्या.

मग आला ऑगस्ट. एक ऑगस्टला आमच्या उपनगरांत अण्णाभाऊ साठेंची जयंती होते. घाटकोपरच्या चिराग नगरात अण्णाभाऊंनी कितीतरी वर्षं काढली. सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचा हा माणूस, शाळेत गेला तो जेमतेम दीड दिवस. घरच्यांबरोबर पायी चालत मुंबईला आला आणि पडेल ते काम केलं. झोपडीत राहून लिहिलेली त्यांची 'फकिरा' 1959 साली आली आणि 1961 साली तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. आम्ही ताईंना म्हणालो, "बघा, अण्णाभाऊंना कुठे शुद्धलेखन शिकवलं होतं कोणी?" ताई म्हणाल्या, "ते अण्णाभाऊ होते. आणि पुरुष होते. लिहायला बसल्यावर त्यांना 'दूध उतू चाललंय' असं कोणी म्हटलं नसेल."

त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून आम्ही शोधायला लागलो. आपल्याआधी ज्या बायकांनी लिहिलं, त्यांना लोक काय म्हणाले आणि त्यांनी पुढे काय केलं? वाचनालयातून पुस्तकं आणली, कॉलेजात जाणाऱ्या मुलींनी वाचून दाखवली. त्यातलं जे मनाला लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिल्या आहेत ताराबाई शिंदे, बुलढाण्याच्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत कारकून होते आणि जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजात होते. त्या काळी मुलींची शाळा कुठेतरी एखादी. ताराबाई वडिलांकडून घरीच शिकल्या. 1881 साली सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेवर खटला झाला. विधवेला मूल झालं, लोकलाजेपायी तिने ते मारलं, असा आरोप होता. कोर्टाने तिला फाशी सुनावली आणि अपिलात ती शिक्षा कमी झाली. वर्तमानपत्रांतून मात्र शिक्षा सुरूच राहिली. बायकांची जातच कशी वाईट, यावर रकानेच्या रकाने भरले जाऊ लागले. त्या बाईला त्या दशेला नेणारा पुरुष कोण, हे कोणीच विचारत नव्हतं.

ते ताराबाईंनी विचारलं. 1882 साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' हे लहानसं पुस्तक छापलं गेलं. 500 प्रती, किंमत नऊ आणे. बायकांवर जे जे दोष लादले जातात, ते एकेक घेऊन त्यांनी पुरुषांपुढे ठेवले. हा दोष तुमच्यात नाही का, असा सरळ सवाल केला. भाषा घरातलीच, पण धार अशी की आजही वाचताना आपण सावरून बसतो.

लोक काय म्हणाले असतील? टीका झाली, टवाळी झाली. टीका करणाऱ्यांत सुधारणेच्या बाजूची माणसंही होती. मुद्दा खरा की खोटा, यावर बोलायचं सोडून बाईमाणसाने असं लिहावं का, यावरच बोलणं झालं. जोतीराव फुले मात्र ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले. 1885 साली 'सत्सार'च्या अंकात त्यांनी या पुस्तकाची बाजू घेतली आणि टीका करणाऱ्यांना खडसावलं.

ताराबाई पुढे बरीच वर्षं जगल्या. पण त्यांच्या नावावर दुसरं पुस्तक नाही. जे एक होतं तेही लोक विसरून गेले. 1975 साली स. गं. मालशे यांनी ते शोधून पुन्हा छापलं. 1882 ते 1975 म्हणजे 93 वर्षं. आपल्या आजीला, पणजीला हे पुस्तक मिळालंच नाही. एक बाई लिहायची थांबते तेव्हा नुकसान तिच्या एकटीचं होत नाही, ते असं तीन-चार पिढ्यांचं होतं. हे वाचलं तेव्हा आम्हांला आमच्या ताईंची ती पिशवीतली पानं आठवली.

ताराबाईंनी काहीच लपवलं नव्हतं. नाव, गाव सगळं उघड. पुढच्या काळातल्या एका लेखिकेने नाव लपवलं. 1933 साली 'कळ्यांचे निःश्वास' नावाचा कथासंग्रह आला. लेखिका म्हणून नाव होतं विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, घर चालवणाऱ्या मुलींची लग्नं कशी अडतात, हुंडा कसा आडवा येतो, त्या मुलींच्या मनात काय चालतं, हे त्या कथांमध्ये होतं. केवढा गदारोळ उठला! ही विभावरी कोण, बाई की पुरुष, इथपासून चर्चा. बाई असेल तर असं लिहिताना तिला लाज कशी वाटली नाही, इथपर्यंत मजल गेली.

त्या होत्या बाळूताई खरे, लग्नानंतरच्या मालतीबाई बेडेकर. त्या वेळी त्या नोकरी करणाऱ्या तरुण शिक्षित बाई होत्या. नाव उघड झालं असतं तर लोकांनी जगणं नकोसं केलं असतं. म्हणून त्या नावामागे राहिल्या, पण गप्प बसल्या नाहीत. 1934 साली 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी आली. पुढे 1950 साली 'बळी' आली. गुन्हेगार म्हणून शिक्का मारलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवत असत. तिथे त्यांनी काम केलं होतं, तेच जगणं त्यांनी 'बळी'त मांडलं. आणि 1981 साली मुंबईत समांतर साहित्य संमेलन झालं, तेव्हा त्याच्या अध्यक्षा मालतीबाई होत्या. ज्या बाईला एकदा नाव लपवावं लागलं होतं, ती 48 वर्षांनी संमेलनाच्या व्यासपीठावर नावानिशी बसली.

तुम्ही म्हणाल, त्या शिकलेल्या होत्या, पगार होता, आमचं काय? आमच्या ताईही हेच म्हणाल्या. म्हणून आता आपल्यासारख्याच एका बाईकडे येऊ.

सातारा जिल्ह्यात फलटण आहे. तिथे बेबीताई कांबळे राहत होत्या. जन्म 1929 चा. महार समाजातल्या. शाळेत मुलींमध्येही त्यांना वेगळं बसवायचे. चौथीपर्यंत शिक्षण झालं आणि तेराव्या वर्षी लग्न. दहा बाळंतपणं झाली, त्यातली तीन मुलं गेली. नवऱ्याला काम मिळेना तेव्हा दोघांनी द्राक्षं विकायला सुरुवात केली, मग भाजी, मग किराणा मालाचं छोटं दुकान. माल बांधायला रद्दीची वर्तमानपत्रं यायची. बेबीताई दुकानात बसून ती वाचायच्या. रद्दी वाचता वाचता वाचनाचं वेड लागलं आणि त्या वाचनालयातून पुस्तकं आणू लागल्या.

मग त्या लिहायला लागल्या, दुकानात बसल्या बसल्या, गिऱ्हाईक नसेल तेव्हा. लहानपणीचा महारवाडा, तिथली उपासमार, सासुरवास, देवाधर्माच्या नावाने होणारे हाल, आणि बाबासाहेब आंबेडकरांचा शब्द वस्तीत पोचल्यावर बायांनी मुलांना शाळेत घालण्यासाठी केलेला आटापिटा. लिहिलेलं त्या घरात अशा कानाकोपऱ्यात दडवायच्या की कोणाच्या हाताला लागू नये. नवऱ्यापासून आणि मुलापासून त्यांनी ते लपवलं. एक-दोन महिने नाही, वीस वर्षं.

का लपवलं? नवरा संशयी होता, मारायचा. एकदा दोघं सभेसाठी मुंबईला निघाली होती. गाडीत गर्दी होती. काही पोरं बेबीताईंकडे बघत होती, एवढ्यावरून नवऱ्याने त्यांना असं मारलं की नाकातून रक्त आलं. पुढे पुष्कळ वर्षांनी मुलाखतीत त्यांनी हे सांगितलं. अशा घरात वही सापडली तर काय झालं असतं, ते तुम्हांला-आम्हांला समजावून सांगायला नको.

बायांनो, इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. बेबीताई घरात भांडून लिहायला बसल्या नाहीत. ते त्यांना परवडणारं नव्हतं. जे परवडत होतं ते त्यांनी केलं. वही लपवली, पण लिहिणं सोडलं नाही. जिद्द म्हणजे दर वेळी छाती पुढे काढून उभं राहणं नसतं. कधी ती किराणा दुकानाच्या गल्ल्यामागे गुपचूप बसूनही चालते.

ही वही बाहेर कशी आली? मॅक्सिन बर्नसन नावाच्या बाई अमेरिकेतून फलटणला आल्या होत्या. त्या मराठी शिकल्या, तिथल्या मुलांसाठी शाळा काढली आणि भारताच्या नागरिक झाल्या. त्यांना बेबीताईंच्या लिखाणाबद्दल कळलं. त्यांनी ते छापायचा आग्रह धरला. 1982 साली 'स्त्री' मासिकात ते क्रमशः आलं आणि 1986 साली 'जिणं आमुचं' हे पुस्तक निघालं. दलित बाईने मराठीत लिहिलेल्या अगदी पहिल्या आत्मचरित्रांपैकी ते एक आहे. 2008 साली माया पंडित यांनी ते इंग्रजीत नेलं. फलटणच्या किराणा दुकानात लिहिलेली पानं आज देशोदेशीची मुलं कॉलेजात अभ्यासतात. बेबीताई 2012 साली गेल्या.

चौथ्या लेखिका आमच्या मुंबईतल्या. उर्मिलाताई पवार. जन्म 1945, रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड्यातला. वडील शिक्षक होते, पण लवकर गेले. आई बांबूच्या टोपल्या, सुपं विणायची. कोकणात त्याला आयदान म्हणतात. त्या विणण्यावर तिने मुलांना शिकवलं. उर्मिलाताई लग्नानंतर मुंबईला आल्या, सरकारी खात्यात नोकरी केली आणि मुलं, संसार, नोकरी सांभाळून एम.ए. झाल्या. गावाकडून येऊन उपनगरात खोली करणं, लोकलची गर्दी, घरी पोचल्यावर पुन्हा चूल, हे सगळं त्यांच्या वाट्याला आलं. त्यातून वेळ काढून त्यांनी कथा लिहिल्या. बायको शिकते, लिहिते, सभांना जाते, यावरून घरात होणारी कुरबुर त्यांनी 2003 साली आलेल्या 'आयदान' या आत्मकथनात मोकळेपणाने लिहिली. आईचं विणणं आणि आपलं लिहिणं यांची वीण एकच आहे, असं त्या मानतात. घरातलं, चळवळीतलं बाहेर कशाला मांडायचं, हा आक्षेप त्यांच्यासारख्या लिहित्या बायकांना आपल्याच माणसांकडूनही ऐकावा लागतो. उर्मिलाताईंनी नावही लपवलं नाही आणि वहीही लपवली नाही.

त्यांचं अजून एक काम आपल्या गटांनी जरूर माहीत करून घ्यावं. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार या दोघींनी मिळून बाबासाहेबांच्या चळवळीत काम केलेल्या बायका शोधल्या. त्यांच्या घरी जाऊन त्यांना बोलतं केलं आणि ते लिहून घेतलं. 1989 साली त्याचं पुस्तक झालं, 'आम्हीही इतिहास घडवला'. त्यातल्या कित्येकींच्या कामाची तोवर कुठे नोंद नव्हती. कोणी येऊन विचारलं म्हणून ते कागदावर आलं.

आता या चौघींना ओळीने बघा. ताराबाईंनी काही लपवलं नाही आणि त्यांचं एकच पुस्तक राहिलं. मालतीबाईंनी नाव लपवलं. बेबीताईंनी वही लपवली. उर्मिलाताई उघडपणे लिहीत राहिल्या, इतकंच नाही तर दुसऱ्या बायकांनाही त्यांनी कागदावर आणलं. दोष देणारे चौघींच्या वाट्याला आले. ते कुठल्याच काळात संपले नाहीत आणि आपण लिहू तेव्हाही संपणार नाहीत. सगळे चांगलं म्हणतील मग लिहू, असं ठरवलं तर वही कोरीच राहील.

पण आम्हांला यातून दुसरी गोष्ट जास्त कळली. वही बाहेर येते तेव्हा बहुतेक वेळा "दाखव बघू, काय लिहिलंस" असं विचारणारं कोणीतरी असतं. ताराबाईंच्या बाजूने जोतीराव बोलले, पण ते पुण्यात आणि ताराबाई बुलढाण्यात. रोज शेजारी बसून "पुढचं लिहिलं का" विचारणारं कोणी त्यांना असतं तर! आमच्या ताईंना तर दहा जणी शेजारी होत्या. दर महिन्याला एका सतरंजीवर बसणाऱ्या. आणि त्या दहा जणी हसल्या.

म्हणजे लिहिणाऱ्या बाईने जिद्द धरावी, हे खरंच आहे. पण जिद्द धरायची सगळी जबाबदारी तिच्या एकटीवर टाकून आपण मोकळं होऊ नये. कर्ज घेणाऱ्या बाईला आपण एकटं सोडतो का? तिच्या हप्त्याला सगळा गट जामीन राहतो. लिहिणाऱ्या बाईलाही गटाने तसंच जामीन राहायला हवं.

याचा अर्थ चूक दाखवायचीच नाही, असा नाही. बोलणं दोन तऱ्हेचं असतं. "तुला काय कळतं, तू लिहू नकोस" हे एक. "ही ओळ कळली नाही, विहीर गावाच्या कोणत्या बाजूला होती ते लिही" हे दुसरं. पहिलं बोलणं बाईबद्दल असतं, ते ऐकून सोडून द्यावं. दुसरं लिखाणाबद्दल असतं, ते लागलं तरी जपून ठेवावं, कारण त्याने लिखाण सुधारतं. ताराबाईंवरची टीका पहिल्या तऱ्हेची होती. आम्ही हसलो तेही पहिल्याच तऱ्हेचं. वेलांटी चुकली म्हणून आईच्या हाताला गुंडाळलेलं फडकं खोटं होत नाही.

सप्टेंबरच्या बैठकीत आम्ही ताईंची सगळ्यांसमोर माफी मागितली. त्या "अगं, जाऊ दे" म्हणाल्या. मग आम्ही ठराव केला आणि तो रीतसर वहीत लिहिला. गटाच्या पैशातून दोनशे पानांची एक वही आणायची. ती गटाच्या पेटीत कुलपात राहील, म्हणजे ज्या बाईला घरी वही ठेवता येत नाही तिचीही सोय होईल. बैठक संपल्यावर ज्या कोणाला वाचायचं असेल तिने पंधरा मिनिटं वाचायचं. ऐकणाऱ्यांनी आधी एक प्रश्न विचारायचा, मत नंतर. जिला लिहिता येत नाही तिने सांगायचं, दुसरीने लिहून घ्यायचं. हसायचं असेल तर विनोदावर हसायचं.

आतापर्यंत त्या वहीत पाच जणींनी लिहिलं आहे. एकीने गिरणी बंद पडल्यावर घर कसं चालवलं ते, एकीने सासूबाईंची गोधडी, एकीने नुसती लोणच्याची रीत. ताईंनी अजून काही लिहिलेलं नाही. आम्ही मागे लागलो नाही. पण मागच्या बैठकीत त्या वही चाळत होत्या. चाळता चाळता त्यांनी विचारलं, "जुनी पानं यात डिंकाने चिकटवली तर चालतील का?"

चालतील, असं आम्ही सगळ्यांनी एकदम सांगितलं.

मैत्रिणींनो, तुमच्या गटातही अशी एखादी पिशवी असेल. पुढच्या बैठकीत हप्ते झाल्यावर जरा विचारून बघा.